शाळेतून लसीची चिठ्ठी आली आहे, सही करू का?

केज तालुक्यातल्या एका आईनं विचारलं आहे: "माझी मुलगी पाचवीत आहे, मुलगा दहावीत. दोघांच्याही शाळेतून चिठ्ठी आली आहे की टीडीची लस देणार, पालकांनी सही करून पाठवा. लहानपणी दोघांच्या सगळ्या लसी झाल्यात, मग आता पुन्हा कशाला? घर बांधताना कार्ड कुठं गेलं ते सापडत नाही. मागं बाजूच्या गावात शाळेत लस दिली तेव्हा पोरी चक्कर येऊन पडल्या होत्या, म्हणून सासूबाई नको म्हणतात. मुलीला नुकतीच पाळी सुरू झाली आहे, त्यात सुई चालते का? आणि गर्भाशयाच्या कॅन्सरची लस म्हणतात ती हीच का?"

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. सही करा, दोघांच्याही चिठ्ठीवर. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांवरची लस. कार्ड सापडलं नाही तरी करा, मुलीची पाळी त्या दिवशी चालू असली तरी करा. आणि लसीच्या दिवशी दोन्ही लेकरांना पोटभर जेवू घालूनच शाळेत पाठवा. कॅन्सरची लस ही नव्हे, ती वेगळी; तिच्याबद्दल पुढं लिहिते.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी १९ वर्षं गेली. या काळात तान्ह्या बाळाच्या लसीला नाही म्हणणारं घर मी फार कमी पाहिलं. आशाताई दारात येते, आई बाळाला काखेत घेऊन अंगणवाडीत येते, सासूही बरोबर असते. पण लेकरू दहा वर्षांचं झालं की त्याची लस कुणाच्याच डोक्यात राहत नाही. पेंटाचे, म्हणजे तान्ह्या बाळाच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, तीन डोस तोंडपाठ सांगणारी आई "दहाव्या वर्षाचा झाला का?" म्हटलं की गप्प होते. तुम्ही सही करण्याआधी थांबून विचारलंत हे चांगलं केलंत. न वाचता अंगठा उठवणाऱ्या घरापेक्षा प्रश्न विचारणारं घर मला केव्हाही चालतं.

आता "पुन्हा कशाला" याबद्दल. तुमच्या लेकरांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस मिळाले असतील, मग दीड वर्षाच्या आसपास एक बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचं असताना दुसरं. त्या सगळ्यांत घटसर्प आणि धनुर्वात या दोन रोगांविरुद्धची लस होती. पण या दोन्ही लसींची ताकद कायमची टिकत नाही, वर्षागणिक रक्तातलं संरक्षण उतरत जातं. गोवराच्या लसीचं तसं नाही, तिचे दोन डोस नीट झाले तर ते संरक्षण बहुतेकांना जन्मभर पुरतं. म्हणून गोवराची सुई दहावीत पुन्हा घ्यावी लागत नाही आणि टीडीची घ्यावी लागते. सरकारी वेळापत्रकात ती १० व्या आणि १६ व्या वर्षी आहे. शाळांत सोयीसाठी पाचवी आणि दहावीचे वर्ग धरतात. फुकट मिळते, सरकारी शाळा असो की खासगी.

तुमच्या सासूबाईंना "टीटी" हे नाव माहीत असेल. पूर्वी या वयाला टीटीच दिली जायची, तिच्यात फक्त धनुर्वाताचा भाग होता. २०१९ पासून तिच्या जागी देशभर टीडी आली. टी म्हणजे तोच धनुर्वात, आणि डी म्हणजे घटसर्प, तोही मोठ्या वयाला सोसेल एवढ्या कमी मात्रेत. बदल करायचं कारण साधं होतं. लहान बाळांना लस मिळायला लागली तसा घटसर्प बाळांमधून हटला आणि शाळेतल्या मुलांत, तरुणांत दिसायला लागला, कारण त्यांचं लहानपणचं संरक्षण उतरलेलं असतं.

घटसर्प मी पुस्तकात वाचला होता, पण कळला तो अंबाजोगाईला इंटर्नशिप करताना. बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. ताप फार नव्हता, घसा दुखतो एवढीच तक्रार. बॅटरी धरून घशात पाहिलं तर टॉन्सिलवर राखाडी, मळकट पडदा चिकटलेला. कापसाच्या बोळ्यानं हलकेच हात लावला तर सुटेना आणि कडेनं रक्त यायला लागलं. मान दोन्ही बाजूंनी फुगलेली. आमच्या सरांनी पाहताक्षणी त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. या रोगात जंतू घशातच बसतो, पण त्याचं विष रक्तातून हृदयापर्यंत पोचतं. घसा बरा वाटायला लागलेलं लेकरू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदयाच्या ठोक्यांनी दगा दिल्यानं जाऊ शकतं. विषाला उतारा असतो, पण एकदा हृदयात शिरलेलं विष त्यानं परत निघत नाही, म्हणून तो लवकर मिळावा लागतो. तो पोरगा वाचला. त्याच्या आईला आम्ही लसीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी सगळं केलं होतं की." तिचं खोटं नव्हतं. पुढचं राहून गेलं होतं.

धनुर्वाताचं तुम्हाला जास्त सांगायला नको, शेतातल्या घराला तो माहीत असतो. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, वर्षानुवर्षं मरत नाहीत. ऊस, कापूस, तुरीचे धसकट, गोठा, गंजलेला पत्रा, आपल्या लेकरांचे पाय सगळ्यातून जातात. एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. गोवर-घटसर्पासारखा हा माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळं गावातल्या बाकी सगळ्यांनी लस घेतली म्हणून तुमचं लेकरू धनुर्वातापासून वाचत नाही. इथं ज्याची लस त्यालाच संरक्षण. आणि एकदा धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी त्याला पुढचं संरक्षण मिळत नाही, त्यालाही लस द्यावीच लागते.

इथं सहा महिन्यांच्या समजुतीबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडं घट्ट बसलेलं आहे की टीटीचं इंजेक्शन सहा महिने चालतं. पायाला खिळा लागला की दवाखाना, दवाखान्यात पहिला प्रश्न "टीटी कधी घेतली?", सात महिने झाले म्हटलं की लगेच दुसरी. हे चूक आहे. बाळपणचे डोस आणि बूस्टर नीट झालेले असले तर साध्या, स्वच्छ जखमेला दहा वर्षांपर्यंत, आणि माती-शेणानं भरलेल्या खोल जखमेलाही पाच वर्षांपर्यंत पुन्हा डोस लागत नाही. म्हणून शाळेतली टीडी झाली की तारीख नीट लिहून ठेवा. तुमच्या पोराला पुढच्या वर्षी क्रिकेट खेळताना खरचटलं तर ती तारीख दाखवून एक सुई वाचेल. जखम साबण-पाण्यानं धुणं मात्र कशानंच वाचत नाही.

आणखी एक गैरसमज याच्याच पोटातला. कुत्रं चावलं तर "टीटी घेतली ना, मग झालं" म्हणून घरी बसणारे पालक मी पाहिले आहेत. टीडीचा आणि रेबीजचा काही संबंध नाही. कुत्रं चावलं की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. या वयाची पोरं कुत्रं चावलेलं घरी लपवतात, तेव्हा त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कार्ड हरवल्याची काळजी करू नका. आरोग्यसेविकेकडं गावाचं रजिस्टर असतं, उपकेंद्रात जाऊन मुलांचं नाव आणि जन्मसाल सांगा, बऱ्याचदा नोंद सापडते. नाही सापडली तरी दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचा डोस थांबवायचं कारण नाही. एखादा डोस जास्त झाला तर फार तर दंड थोडा जास्त सुजतो. मात्र लहानपणी एकही डोस झाला नव्हता अशी शंका असेल, तर एका सुईनं भागत नाही. सात वर्षांवरच्या अशा लेकराला टीडीचे एका महिन्याच्या अंतरानं दोन, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा, असे डोस लागतात. सतत स्थलांतर करणाऱ्या घरांत हे होतं. तसं असेल तर लपवू नका, सिस्टरला सांगा. यात रागावण्यासारखं काही नाही, आणि कुणी रागावलं तर चूक त्यांची.

आता पोरी पडल्या त्याबद्दल. तुमच्या सासूबाईंची भीती खरी घटना पाहून आलेली आहे, ती मोडीत काढायची नाही. मी स्वतः तसा दिवस पाहिला आहे, आणि तो माझ्याच मांडणीमुळं घडला.

२०१८ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना लस. डिसेंबरात आम्ही एका माध्यमिक शाळेत गेलो. मी टेबल व्हरांड्यात मांडायला सांगितलं, उजेड चांगला म्हणून. समोर मैदानात आठवीच्या मुलींची रांग. प्रत्येकीला पुढचीच्या दंडात जाणारी सुई दिसत होती. एक मुलगी टोचल्यावर दहा पावलं गेली, पांढरीफटक पडली आणि खाली बसता बसता कोसळली. तिच्या मैत्रिणी ओरडल्या. दहा मिनिटांत आणखी सात जणी खाली. दोघींना तर अजून लस दिलेलीच नव्हती. गावातून माणसं पळत आली, कुणी जीप आणली, कुणी लसीची पेटी बंद करायला लावली. पहिल्या मुलीला मी आडवं केलं, पाय दप्तरावर उंच ठेवले, नाडी धरली. मंद होती, पण लागत होती. तीन-चार मिनिटांत तिनं डोळे उघडले. विचारलं, सकाळी काय खाल्लंस? म्हणाली, "काही नाही मॅडम, गुरुवार आहे." मार्गशीर्षातला गुरुवार होता. आईबरोबर तिनंही उपास धरला होता.

ती चक्कर लसीतल्या औषधानं आलेली नव्हती. भीती, वेदना, रिकामं पोट आणि समोर दुसरीला टोचताना पाहणं, यानं नाडी अचानक मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. या वयात, त्यातही मुलींमध्ये, हे जास्त होतं. एकीला पाहून दुसरीला होतं, ते नाटक नसतं, शरीर खरंच तसं वागतं. धोका चक्करीचा कमी, पडताना डोकं फरशीवर आपटण्याचा जास्त. त्या दिवसानंतर मी व्हरांड्यात टेबल मांडलेलं नाही. एका खोलीत टोचायचं, दाराला पडदा, एका वेळी एकच मुलगी आत, खुर्चीवर बसवून, बाहेर पडायला दुसरं दार, आणि दुसऱ्या वर्गात चटयांवर अर्धा तास बसणं. आधी विचारणं: खाल्लं का, पाणी प्यायलं का, मागं कधी सुईनं चक्कर आली होती का? आली असेल तर तिला आडवं करूनच लस. उपासाच्या दिवशी, सोमवार असो, नवरात्र असो की रमजानचे रोजे, मी मोठ्या मुलांचं सत्र ठेवत नाही. ठेवावंच लागलं तर उपाशी लेकराला दुसरी तारीख देते. तुम्ही पालक म्हणून मुख्याध्यापकांना एवढं विचारू शकता: टोचायची खोली वेगळी आहे का आणि नंतर अर्धा तास मुलांजवळ कोण थांबणार?

तो अर्धा तास चक्करीसाठी आहेच, पण मुख्यतः दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. कोणत्याही लसीनं फार क्वचित, लाखो डोसांत एखाद्याला, तीव्र ॲलर्जी येते. तिच्यात चक्करीसारखा पांढरेपणा येऊन लेकरू लगेच सावरत नाही. अंगभर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासात शिटी वाजते, नाडी मंद न होता पळायला लागते. यावर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीत ताबडतोब द्यायचं असतं आणि ते आमच्या किटमध्ये प्रत्येक सत्रात असतं. लेकराला आधी कुठल्या लसीनं असं झालं असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा, त्याला शाळेत लस देत नाहीत. फिट्स येत असतील, कुठलं मोठं औषध चालू असेल, तेही लिहा. साधी सर्दी, खोकला, पोट बिघडलेलं, यासाठी लस चुकवू नका. अंग तापानं फणफणत असेल तर बरं झाल्यावर घ्या.

पाळीत सुई चालते. पूर्णपणे चालते. पाळीत लोणच्याला हात लावू नको म्हणणाऱ्या घरांत पोरगी स्वतःच लाजून "मला नको" म्हणते आणि खरं कारण सांगत नाही, म्हणून तुम्हीच तिला आधी सांगून ठेवा. लस दंडाच्या वरच्या भागात स्नायूत देतात. युनिफॉर्मची बाही घट्ट असेल तर सगळा खांदा उघडा करावा लागतो, तिथं मुली अवघडतात. त्या दिवशी सैल बाहीचा ड्रेस घालून पाठवा. ही गोष्ट बारीक वाटेल, पण बाहीच्या लाजेनं परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

"पुढं लेकरं होणार नाहीत" ही अफवाही तुमच्यापर्यंत आली असेल. सासूबाईंना एवढंच विचारा, तुम्ही पोटुशी असताना त्यांनीच तुम्हाला टीटीला नेलं होतं ना? धनुर्वाताची हीच लस आपल्याकडं गर्भवती बायांना कितीतरी वर्षं देत आलो आहोत. पूर्वी नाळेच्या जखमेतून धनुर्वात होऊन बाळं आठवड्या-दोन आठवड्यांत जायची. बाईला लस आणि स्वच्छ बाळंतपण, या दोन गोष्टींनी ते इतकं कमी झालं की २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटवल्याचं जाहीर झालं. मूल होण्यावर घाला घालणारी लस पोटुशी बाईला कुणी दिली असती का?

टोचल्यावर दंड एक-दोन दिवस दुखेल, थोडा लाल होईल, कणकण येईल. पॅरासिटामॉल पुरतं. चोळू नका, शेकू नका, हळद-चुना लावू नका. ओलं थंड फडकं ठेवलं तर चालतं. ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा गाठ वाढत गेली तर केंद्रात या.

सुईबद्दलही पालक विचारतात, विचारायलाच हवं. प्रत्येक लेकराला नवी सिरिंज असते, अर्धा मिलीची, आणि दट्ट्या एकदा खाली गेला की ती आतून अडकते, पुन्हा औषध भरताच येत नाही. तुमच्या समोर पाकीट फोडा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. टीडीची कुपी मात्र दहा जणांची असते, म्हणून एकाच बाटलीतून भरताना पाहून घाबरू नका. त्या कुपीच्या लेबलवर एक छोटं गोल असतं, त्याच्या आत चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वाटेत उन्हानं खराब झालेली नाही. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला की ती कुपी फेकायची. टीडीला उन्हाइतकाच बर्फही वाईट, गोठली की ती वाया जाते. म्हणून सकाळी आमची सिस्टर बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून कानाशी हलवत बसते. आत पाणी खळखळलं की मगच ते पॅक लसीच्या पेटीत जातात. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तिची ही घाई पाहण्यासारखी असते.

जाता जाता, शाळेत कधी जंताची पांढरी गोळी देतात, आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. त्या लसी नव्हेत, आणि लसीमुळं त्या बंद करायच्या नसतात.

आता कॅन्सरच्या लसीबद्दल. ती एचपीव्हीची लस. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि गर्भाशयाच्या मुखाच्या जवळपास सगळ्या कॅन्सरचं मूळ तोच आहे. लस संबंध येण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात, सगळ्यात जास्त उपयोगी पडते. "मग आमच्या पोरीला आत्ता कशाला?" याचं उत्तर तेच आहे: आत्ताच, कारण पुढं लग्नानंतर उशीर होतो. यात पोरीच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईलाही हा विषाणू नवऱ्याकडून मिळतो.

हा विषय आपल्या मराठवाड्याच्या मातीतला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. तिथं १९९९ पासून खेड्याखेड्यांतल्या ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून. २००९ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्हीची एकदाच तपासणी करून पुढचे उपचार दिले, त्या गावांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. भूम-परंड्याकडच्या ज्या बायांनी त्या वेळी तपासणीला हो म्हटलं, त्यांच्यामुळं जगभरच्या डॉक्टरांना हे कळलं. त्यांची नावं कुठं येत नाहीत, पण मला त्यांचा अभिमान वाटतो.

लसीच्या अभ्यासातही बार्शी होती. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी मुलींना दोन किंवा तीन डोस देऊन पाहायचं ठरलं. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारनं सगळीकडं लस देणं थांबवलं. त्या प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध निघाला नाही, पण संमती घेण्यात गंभीर त्रुटी निघाल्या, पालकांच्या जागी वसतिगृहाच्या लोकांनी सह्या केल्या होत्या. म्हणून शाळेनं तुमच्याकडं चिठ्ठी पाठवली याला मी किंमत देते. ती सही गुरुजींनी करायची नसते. इकडं त्या थांबलेल्या अभ्यासात हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला, आणि दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसलं की या विषाणूच्या मुख्य दोन प्रकारांविरुद्ध एक डोसही दोन-तीन डोसांइतकंच काम करतो. २०२२ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागं अशा अभ्यासांचा आधार आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस आता मिळते. कंपनीच्या वेळापत्रकात १४ पर्यंत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन आणि १५ पासून तीन डोस आहेत. तुमच्या मुलीच्या वयाला सरकारी डोस मिळतो का, हे केंद्रात विचारा. खासगीत घ्यायची ऐपत असेल तर घ्या. मुलांनाही ती देता येते. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायचीच, आणि ताई, तुमचं वय तिशीपुढं असेल तर ती आधी तुमची करा. आपल्या बीडमध्ये अंगावरून पांढरं जातं म्हणून कॅन्सरची भीती दाखवून कितीतरी ऊसतोड बायांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या. २०१९ मध्ये त्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. भीतीपोटी पिशवी काढण्यापेक्षा पाच मिनिटांची तपासणी बरी, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते.

शेवटचं, ज्या लेकरांचं मला खरंच वाईट वाटतं त्यांच्याबद्दल. तुमची लेकरं चिठ्ठी घेऊन घरी आली, कारण ती शाळेत होती. दसरा-दिवाळीला कोयते बांधून टोळ्या निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर पाचवी-सहावीची पोरंही जातात आणि मार्चपर्यंत फडावर राहतात. सातवी-आठवीत शाळा सुटलेली मुलगी असते, तिचं लग्न लवकर उरकतं, आणि तिला टीडी मिळते ती थेट पहिल्या बाळाच्या वेळी. म्हणून शाळेतलं सत्र जुलै-ऑगस्टमध्येच घ्या असा माझा दरवर्षी आग्रह असतो. राहिलेल्यांना दुसरी वाट आहे: उपकेंद्रावर लसीकरणाचा ठरलेला दिवस असतो, तिथं पाचवी-दहावीच्या वयाचं कुणीही यावं, शाळेत असो नसो. एकाच लेकरासाठी कुपी फोडायला लागली तरी सिस्टर नाही म्हणू शकत नाही, उघडलेली टीडीची कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस वापरता येते. कारखान्याच्या जवळच्या केंद्रातही हीच लस फुकट मिळते, पत्ता कुठलाही असो. तुमच्या वाड्यात, वस्तीवर असं लेकरू असेल तर त्या दिवशी तुमच्या मुलीबरोबर त्यालाही घेऊन या.

आणि तुमच्या दहावीतल्या मुलाचं. पुढच्या जूनमध्ये तो अकरावीला लातूरला क्लास लावायला जाणार असेल, तर हा डोस इथंच होऊ द्या. तिथं हॉस्टेलवर कुणी त्याला सोळाव्या वर्षाची आठवण करणार नाही. लस झाल्यावर सिस्टरकडून नवं कार्ड मागून घ्या, तारीख आणि शिक्का नीट उमटलाय का पाहा, आणि ते त्याच्या दहावीच्या मार्कमेमोच्या फाइलमध्ये ठेवून द्या. कॉलेजच्या ॲडमिशनला ती फाइल शोधावीच लागते, तेव्हा हे कार्डही हाताशी राहील.